दमयंतीबाईंचं वचन

दमयंतीबाई शिरसाटांकडून वचन घेतल्याशिवाय पनवेलच्या खांदा कॉलनीतून कोणी सुखासुखी सुटलेला नाही. गॅसचा सिलिंडर आणणारा असो, मीटर बघायला येणारा असो, नाहीतर वरच्या मजल्यावर भाड्याने आलेली नवी नवरी असो, प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी पडायचीच. गैरसमज नको. मराठी ख्रिस्ती घरात वचन म्हणजे पवित्र शास्त्रातली ओळ. मुलं चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत वचनं पाठ करतात, आजाऱ्याला भेटायला गेलेला माणूस फळांबरोबर एक वचनही उशाशी ठेवून येतो, आणि नव्या वर्षाच्या उपासनेत प्रत्येक घर आपापलं वचन उचलतं. दमयंतीबाईंनी त्यासाठी नव्या वर्षाची वाट कधी पाहिली नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर त्या वळणदार अक्षरात वचन लिहीत, खाली बारीक अक्षरात अध्यायाचा आकडा टाकत. अशा चिठ्ठ्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा गच्च भरलेला असे, आणि तो पिशवीत घातल्याशिवाय त्या साधी कोथिंबीर आणायलाही बाहेर पडत नसत.

श्रद्धा होतीच. पण खरं सांगायचं तर थोडी मिरवण्याची हौसही होती. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलेली. ‘‘आधी लोकांचे फोन जोडून दिले, आता देवाचा जोडून देते,’’ असं त्या हसून म्हणत, आणि मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चच्या माणसांत, या वाक्याला दर वेळी दाद मिळे. फोन जोडून देणाऱ्याला पुढच्या बोलण्याशी काही कर्तव्य नसतं, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्याही नाही.

पावसाळ्यात बाजाराच्या कडेला ठमाबाई रानभाज्या घेऊन बसायची. नेरे गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी तिची आदिवासी वाडी. टाकळा, कुर्डू, शेवळं, जे रानात उगवेल ते टोपलीत. दमयंतीबाई तिच्या नेमाच्या गिऱ्हाईक. एके दिवशी जुडी बांधता बांधता ठमाबाई म्हणाली, ‘‘नवरा गेला गेल्या साली. दीर हाय, पन तो त्याच्या बायकापोरांचा. आता आमाला कोन हाय, बाय?’’

ती रडत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं तिने ते सांगितलं, आणि म्हणूनच दमयंतीबाईंना ते जास्त लागलं. त्यांनी लगेच डबा उघडला. ‘‘ठमाबाई, तुम्हांला एक वचन देते,’’ म्हणाल्या, आणि हाताला आलेली चिठ्ठी मोठ्याने वाचली. मी तुला सोडणार नाही, तुला कधी टाकणार नाही. चिठ्ठी ठमाबाईच्या तळहातावर ठेवून त्यांनी वर आपला हात दाबला. ठमाबाईने त्यांच्याकडे जरा टक लावून पाहिलं, चिठ्ठीची बारीक घडी करून ती चोळीत ठेवली आणि टाकळ्याची एक जुडी वरून फुकट टाकली. दमयंतीबाई प्रसन्न मनाने घरी आल्या. संध्याकाळी भाजी निवडेपर्यंत त्या ते वचन विसरूनही गेल्या होत्या.

दिवाळी झाली. शेजारपाजारहून आलेल्या फराळाच्या ताटल्या अजून परत जायच्या होत्या. अशा एका संध्याकाळी बेल वाजली. दारात ठमाबाई. तिच्या मागे दोन वेण्या घातलेली एक किडकिडीत मुलगी, पाठीवर दप्तर, हातात कपड्यांचं बोचकं.

‘‘ही पारू,’’ ठमाबाई म्हणाली. ‘‘दहावीला हाय.’’

‘‘अरे वा! या ना, बसा.’’

ठमाबाई बसली नाही. ‘‘उद्या मुकादमाचा ट्रक येतो. आमी समदी वीटभट्टीवर जानार, पाक कर्जतच्या पल्याड. पाऊस लागला का परत. पोर तिकडं गेली का शाळा गेली. हिच्या मोठ्या बहिनीची तशीच गेली. आता ती बी विटाच थापते.’’

‘‘मग हिचं काय करणार?’’ दमयंतीबाईंनी काळजीने विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

‘‘मंग काय? तुमच्याकडं आनली. हितून शाळा जवळ हाय.’’

दमयंतीबाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

‘‘तुमी मना वचन दिलंत ना, बाय?’’ ठमाबाई म्हणाली. ‘‘सोडनार नाय, टाकनार नाय म्हनून? हात हातात घेऊन?’’

पारू पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघा ओढत होती. तिने एकदा झटकन वर पाहिलं आणि तितक्याच झटकन मान खाली घातली.

‘‘अहो, वचन म्हणजे...’’ दमयंतीबाईंनी सुरुवात केली. ‘‘तुम्ही बसा. मी चहा टाकते,’’ असं म्हणून त्या स्वयंपाकघरात पळाल्या. होय, पळाल्याच. दुसरा शब्द नाही.

त्यांचे यजमान सत्यजीतराव तिथे ओट्याशी उभे राहून फराळातली शेवटची करंजी खात होते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ते वजनकाट्यावर बसत. ट्रक काट्यावर चढला की जे दिसेल ते लिहायचं आणि कोणाच्या ओळखीपाळखीने त्यात फरक करायचा नाही, ही त्यांची कामाची रीत, आणि घरीही ते तसेच होते. बायकोने हलक्या आवाजात सगळं सांगितलं. खोली एवढीशी. वयात आलेली परकी पोर. सोसायटीचे सेक्रेटरी कुमारसाहेब तर टपूनच बसलेले. ख्रिस्ती घरात आदिवासी मुलगी ठेवली म्हटल्यावर लोक काय काय बोलतील!

‘‘तुम्ही सांगा ना तिला समजावून,’’ त्या कुजबुजल्या. ‘‘ते वचन देवाचं होतं. माझं नव्हतं!’’

सत्यजीतरावांनी हात झटकले. ‘‘तूच सांग. डबा तुझा आहे.’’

दमयंतीबाई गॅसपाशी तशाच उभ्या राहिल्या. आपण आत्ता काय बोललो ते त्यांना पुन्हा ऐकू आलं. देवाचं होतं, माझं नव्हतं. इतकी वर्षं वाटत सुटलो ती सगळी वचनं अशीच होती की काय? आजाऱ्याच्या उशाशी ठेवलेली, रडणाऱ्या बाईच्या हातात कोंबलेली? द्यायचं देवाने, आणि शाबासकी घ्यायची आपण? त्यांना मनापासून लाज वाटली. चहा उतू गेला तेव्हा कुठे त्या भानावर आल्या.

चहा होईस्तोवर प्रार्थनेची वेळ झाली. शिरसाटांकडे पाहुणा असो नसो, संध्याकाळचं वाचन चुकत नसे, आणि भाग निवडायचा नसे. काल जिथे खूण ठेवली तिथून पुढे. ठमाबाई आणि पारू सोफ्याच्या अगदी कडेला, पडतील की काय अशा बसल्या. सत्यजीतरावांनी चष्मा लावला आणि त्यांच्या त्या कोरड्या आवाजात स्तोत्र वाचायला घेतलं. देवाच्या घरात राहायला कोण लायक, असा त्यात प्रश्न होता. आणि उत्तरात, इतर गोष्टींबरोबर, असंही होतं की ज्याने शब्द दिला आणि पुढे नुकसान दिसलं तरी जो फिरला नाही, तो.

सत्यजीतराव तिथे थांबले नाहीत. बायकोकडे त्यांनी पाहिलंही नाही. शेवटपर्यंत वाचून त्यांनी शास्त्र मिटलं आणि आमेन म्हटलं. देव असा आडून बोलला की दमयंतीबाईंना त्याचा रागच येत असे. तोंडावर बोलला असता तर निदान वाद तरी घालता आला असता.

‘‘पारू राहील,’’ त्या म्हणाल्या.

ठमाबाईने मान हलवली, जणू हे आधीच ठरलेलं होतं. मग तिने पदर सावरला. ‘‘एक इचारू, बाय? राग नका मानू. हिचा देव बदलनार नाय ना? आमचा वाघदेव हाय. वाडीत लोकं कायबाय बोलतात.’’

दमयंतीबाईंचा हात सवयीने डब्याकडे गेला, आणि मागे आला.

‘‘नाही बदलणार,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी तिला आग्रह करणार नाही, कोणाला करू देणार नाही. तिला पुढे काय वाटेल ते तिचं आणि तुमचं. हे माझं वचन आहे, ठमाबाई. डब्यातलं नाही.’’

घर बदललं. पलंगावर पारूला झोप येईना, ती जमिनीवर चटई टाकून झोपायची. पहिल्या आठवड्यात ती इतकी कमी जेवली की दमयंतीबाईंचा जीव खालीवर झाला. शेवटी एका सकाळी सुकटीची चटणी केली तेव्हा मुलगी तीन भाकऱ्या जेवली. सत्यजीतरावांचंही त्यात फावलं, कारण डॉक्टरांचं नाव सांगून त्यांची सुकट बंद केलेली होती. पारूचं गणित म्हणजे आनंदच होता. सत्यजीतरावांनी तिला काट्याची भाषा शिकवली. भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक म्हणजे माल. ‘‘समीकरणात एवढंच असतं,’’ ते सांगत. ‘‘क्ष म्हणजे माल. बाकीचं सगळं रिकामी गाडी.’’ पारू हसायची, पण गणित सुटायचं.

भाषेचं मात्र तिला शिकवावं लागलं नाही. संध्याकाळच्या वाचनाला ती तिच्या खुशीने बसायची, भिंतीला टेकून, शाळेचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवून. एकदा भांडी विसळताना ती काहीतरी पुटपुटत होती. दमयंतीबाईंनी कान दिला तर काय, आठवड्यापूर्वी वाचलेलं अख्खं स्तोत्र! एक शब्द चुकला नव्हता. शब्बाथ शाळेतल्या मुलांना वर्षभर घोकून जे येत नसे, ते हिने नुसतं ऐकून घेतलं होतं. दमयंतीबाईंची बोटं शिवशिवली. वचन पाठांतराची स्पर्धा तोंडावर आली होती. अशी विद्यार्थिनी त्यांना उभ्या जन्मात मिळाली नव्हती.

त्यांनी स्वतःला आवरलं. आवरणं काही सोपं गेलं नाही, हेही सांगायला हवं.

नाताळात परीक्षा झाली, पारूची नव्हे, बाईंची. मंडळीतल्या महिला सभेच्या चिटणीस वसुंधराबाई. मनाने प्रेमळ, पण गाडी सुटली की ब्रेक नाही. पारू शिरसाटांकडे राहते हे कळल्यापासून त्या दमयंतीबाईंना भेटल्या की दोन्ही हात हातात घेऊन म्हणत, ‘‘एक आत्मा आणलास गं!’’ दमयंतीबाई म्हणत, ‘‘अगं, दहावीला आलीय ती फक्त.’’ ते वसुंधराबाईंच्या कानापर्यंत पोचत नसे.

नाताळच्या कार्यक्रमाला पारू आली होती, कारण केक आहे असं तिला कळलं होतं. मुलांची गाणी झाली, येशूजन्माच्या नाटुकल्यातले मेंढपाळ झाले, चादरी गुंडाळलेले ज्ञानी पुरुष झाले. मग वसुंधराबाई माईकपाशी आल्या. ‘‘या वर्षी प्रभूने आपल्या मंडळीला एक भेट दिली आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘डोंगरातून एक लेकरू प्रकाशात आलं आहे. पारू बाळा, पुढे ये, वचन म्हण, आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं याची साक्ष दे.’’

टाळ्या वाजल्या. पारू गोंधळून उठली. सगळ्या माना वळल्या, आणि अर्ध्या दमयंतीबाईंकडे वळल्या. त्या नजरांत काय कौतुक होतं! एक क्षण, अगदी एकच क्षण, त्यांना वाटलं, जाऊ दे. मुलीला वचन येतंच आहे. म्हणू दे. त्यात काय वाईट? ठमाबाई कुठे बघायला येतेय?

त्या उठून उभ्या राहिल्या.

‘‘वसुंधरा, थांब,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ती भेट नाही. तिच्या आईने विश्वासाने माझ्याकडे ठेवलेली लेक आहे. तिचा धर्म बदलू देणार नाही असा मी त्या आईला शब्द दिलाय. पारू, ये, इथे बस.’’

वसुंधराबाईंचा चेहरा पडला. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, पहिल्या रांगेत होते. ते म्हणाले, ‘‘शब्द दिला असेल तर तो पाळलाच पाहिजे. पुढचं गीत घ्या.’’ पेटी सुरू झाली.

त्यानंतर वसुंधराबाईंनी अबोला धरला. मंडळीत कोणी म्हणालं, दमयंतीची भक्ती पातळ झाली. इकडे कुमारसाहेब एका रविवारी दारात उभे राहून, धर्मांतराबद्दल काही ऐकू आलंय असं आडवळणाने बोलू लागले. सत्यजीतरावांनी त्यांना आत बसवून पारूची बीजगणिताची वही दाखवली आणि एक गणित सोडवायला दिलं. कुमारसाहेबांना दुसरं काम आठवलं. मुलीचा धर्म बदलते म्हणून एकीकडून बोलणी, बदलत नाही म्हणून दुसरीकडून. दमयंतीबाई एका दुपारी उशीत तोंड खुपसून रडल्या. कौतुकाची सवय असलेल्या माणसाला कौतुक तुटलं की फार लागतं.

नाताळच्या त्या संध्याकाळी घरी चालत येताना मात्र पारूने विचारलं होतं, ‘‘मावशी, मना ते वचन येत व्हतं. का नाय म्हनू दिलंत?’’

‘‘येतं ते ठाऊक आहे मला. तुला हवं असेल तेव्हा म्हण. पण आई समोर असताना म्हण.’’

पारूने दमयंतीबाईंच्या हातातली पिशवी काढून आपल्या हातात घेतली. पिशवीत डबाही होता. अलीकडे त्यातून चिठ्ठ्या कमी निघत. दमयंतीबाई आता देण्याआधी प्रत्येक चिठ्ठी मनात वाचायच्या आणि स्वतःला विचारायच्या, हा माणूस उद्या हे घेऊन दारात आला तर? बऱ्याच वेळा त्या चिठ्ठी देत. पण वचनाखाली घरचा पत्ता आणि फोन नंबरही लिहीत.

मे महिन्यात निकाल लागला. मुकादमाकडून सुट्टी मागून ठमाबाई भट्टीवरून थेट आली. उन्हाने रापलेली, केसांत विटांची लाल धूळ. या खेपेला ती सोफ्यावर मध्यभागी बसली. सत्यजीतराव मोबाईलवर बैठक क्रमांक टाकत होते, पान उघडत नव्हतं, ते पुन्हा टाकत होते. दमयंतीबाई देवाला काय काय सांगत होत्या ते त्यांनाच ठाऊक. शेवटी पान उघडलं. सत्यजीतरावांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि काट्यावरचं वजन सांगावं तसं कोरडं सांगितलं, ‘‘पास. फर्स्ट क्लास. मराठीत डिस्टिंक्शन. गणितात जेमतेम, पण पास.’’

पारूने किंचाळून आईला मिठी मारली. ठमाबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, आणि तिच्या गालांवरच्या धुळीत ओघळ उमटले. दमयंतीबाईही रडल्या. सत्यजीतराव पेढे आणायला जातो म्हणाले आणि चप्पल शोधण्याच्या निमित्ताने बराच वेळ पाठ करून उभे राहिले.

आनंद झाला, पण दमयंतीबाईंच्या मनात एक गोष्ट कुसळासारखी रुतून बसली होती. ती आज काढायचीच असं त्यांनी ठरवलं होतं. त्या ठमाबाईच्या शेजारी बसल्या.

‘‘ठमाबाई, एक सांगायचं राहिलंय. तेव्हाच सांगायला हवं होतं. पावसाळ्यात मी चिठ्ठी दिली ना, ते वचन माझं नव्हतं. आमच्यात शास्त्रातल्या ओळीला वचन म्हणतात. ते देवाचं बोलणं होतं. तुमचा गैरसमज झाला, आणि मी तो तसाच राहू दिला.’’

ठमाबाईने पारूकडे पाहिलं. पारूने ओठ चावून हसू दाबलं.

‘‘मना ठावं हाय,’’ ठमाबाई म्हणाली.

‘‘ठाऊक आहे?’’

‘‘त्याच राती पारूनं चिठ्ठी वाचली. म्हनली, आये, ह्ये त्यांच्या देवाचं हाय, खाली आकडा बी हाय. बायचं नाय.’’

‘‘मग तरी तुम्ही आलात?’’

‘‘मंग काय करू? तुमच्या देवाचं घर मना ठावं नवतं,’’ ठमाबाई म्हणाली. ‘‘तुमचं ठावं व्हतं.’’

इतक्या वर्षांत ऐकलेल्या कुठल्या प्रवचनाने दमयंतीबाईंना असं नेमकं पकडलं नव्हतं. आधी त्यांना हसू आलं, मग पुन्हा रडू, आणि दोन्ही एकदमच येऊ लागल्यावर त्यांनी पदराने तोंड झाकून घेतलं.

ठमाबाईने त्यांना सावरायला वेळ दिला. मग घसा खाकरला. ‘‘पारू म्हनते अकरावी हितंच पनवेलला हाय.’’

‘‘अकरावी?’’ दमयंतीबाईंनी पदर खाली केला. ‘‘अहो, पण आपलं तर दहावीपुरतं...’’

ठमाबाईने चोळीतून एक घडी काढली. घामाने आणि धुळीने कागद मऊ झाला होता, लग्नपत्रिकेवरचा गणपती मागून दिसत होता, पण अक्षर अजून वाचता येत होतं. तिने तो पारूच्या हातात दिला. ‘‘वाच गं. दहावीपरयंत असं कुठं लिवलंय का बघ.’’

पारूने चिठ्ठी हातात धरली, पण तिला ती बघावी लागली नाही. आईसमोर उभं राहून, दमयंतीबाईंकडे पाहत, तिने ते वचन स्वच्छ आवाजात म्हटलं. मी तुला सोडणार नाही, तुला कधी टाकणार नाही.

‘‘नाही,’’ दमयंतीबाई डोळे पुसत म्हणाल्या. ‘‘तसं काही लिहिलेलं नाही.’’